मठाच्या स्वयंपाकघरांतून

ईश्वराकडे लक्ष द्यावयास सवड होत नाहीं, ही तक्रार फार जुनी आहे. सकाळीं उठल्यापासून रात्रीं दिवा मालवीपर्यंत ज्याच्यामागें कामांचा ससेमिरा असतो, त्याला देवापुढें घटकाभर बसणेंही जड जातें. आणि वेळ काढून बसला, तरी मन चुलीवरच्या दुधाकडे किंवा कचेरींतल्या कागदांकडे धांव घेतें. हा अनुभव कोणत्याही एका धर्माच्या लोकांचा नव्हे. ख्रिस्ती धर्मांत मात्र या साध्या घरगुती तक्रारीला एक लांबलचक इतिहास आहे. तिच्यापायीं पंथ निघाले, धर्मपरिषदांनीं निर्णय दिले, एका आर्चबिशपाला राजदरबार सोडावा लागला, आणि पारीस येथील एका लंगड्या स्वयंपाक्याचें नांव, तो मेल्यावर, त्यानें कधीं न पाहिलेल्या वादांत ओढलें गेलें. त्या स्वयंपाक्याची हकीकत आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों. त्याला जग ब्रदर लॉरेन्स या नांवानें ओळखतें. त्याच्या नांवावरचें लहानसें पुस्तक अनेक भाषांत छापलें गेलें आहे, आणि ईश्वराच्या सान्निध्याचा सोपा मार्ग सांगणारें पुस्तक म्हणून तें भाविक घरांत वाचलें जातें. तो मार्ग साधा आहे खरा. पण साधा म्हणजे सोपा नव्हे, हें त्याच्या चरित्रावरून व त्याच्या पुस्तकाच्या इतिहासावरून दाखवावें, एवढाच आमचा हेतु आहे.

या प्रश्नाचें मूळ प्रेषित पौलाच्या एका पत्रांत आहे. थेस्सलनीका येथील मंडळीला इ. स. ५० च्या सुमारास लिहितांना त्यानें इतर उपदेशाबरोबर दोन गोष्टी सांगितल्या. प्रत्येकानें आपल्या हातांनीं काम करावें, ही एक. आणि प्रार्थनेंत खंड पडूं देऊं नये, ही दुसरी. पौल स्वतः तंबू तयार करण्याचा धंदा करून पोट भरीत असे, त्यामुळें या दोहोंत त्याला विरोध दिसला नसावा. पुढच्या पिढ्यांना मात्र तो दिसूं लागला. प्रार्थना अखंड व्हावयाची, तर हात मोकळे नकोत काय? आणि हात कामांत गुंतले, तर प्रार्थना अखंड राहावी कशी?

चौथ्या शतकांत सिरिया व आशियामायनर या प्रांतांत एक पंथ निघाला. त्यांतील लोकांना मेसालियन म्हणत; सिरियाच्या भाषेंत त्याचा अर्थ ‘प्रार्थना करणारे’ असा होतो. त्यांनीं हा प्रश्न एका घावांत सोडविला. काम करणेंच सोडून दिलें. इ. स. ४३१ सालीं एफेसस येथील धर्मपरिषदेनें या पंथाचा निषेध केला. पण परिषदेच्या ठरावाहून ईजिप्तच्या अरण्यवासी तपस्व्यांच्या कथांत राहून गेलेलें उत्तर आम्हांस अधिक मार्मिक वाटतें. या मताचे कांहीं साधु अलेक्झांड्रियाजवळच्या ल्यूशियस नांवाच्या वृद्ध तपस्व्याकडे आले, आणि आपण हातांनीं काम करीत नाहीं, अखंड प्रार्थना करितों, असें अभिमानानें म्हणाले. ल्यूशियसनें त्यांना विचारलें कीं, आपण जेवतां कीं नाहीं, झोपतां कीं नाहीं. आणि त्या वेळीं आपली प्रार्थना कोण करितो? त्यांना उत्तर सुचेना. मग त्यानें आपला क्रम सांगितला. ताडाचीं पानें भिजत घालावीं, बसून दोरी वळावी, आणि वळतां वळतां देवाची करुणा भाकणारें स्तोत्र म्हणत राहावें. दिवसअखेर सोळा नाणीं मिळतात. त्यांतलीं दोन दाराबाहेर ठेवावीं, आणि उरलेल्यांत पोट भरावें. जो कोणी तीं दोन नाणीं उचलील, तो ल्यूशियस जेवीत असतां व झोंपला असतां त्याच्यासाठीं प्रार्थना करील. या रीतीनें त्याची प्रार्थना कधीं तुटत नाहीं.

या कथेंतला थोडासा विनोद बाजूला ठेवला, तर तिच्यांत दोन गोष्टी पक्क्या बसविलेल्या आढळतात. काम हा प्रार्थनेचा शत्रु नव्हे, ही पहिली. आणि अखंड प्रार्थना एकट्याच्या बळावर होत नसून तिला दाराबाहेरचा भिकारीही लागतो, ही दुसरी. सहाव्या शतकांत इटलींत संत बेनेडिक्टनें आपल्या मठासाठीं नियम घालून दिले. त्यांत मठाच्या कोठावळ्यानें भांडींकुंडीं व अवजारें वेदीवरच्या पवित्र पात्रांप्रमाणें जपावीं असें सांगितलें, तें याच परंपरेंतलें होय.

परंतु नियम एक सांगतो आणि संस्था दुसरेंच करितात. मध्ययुगांत युरोपांतल्या मठांत दोन वर्ग पडले. विद्या असलेले, लॅटिन जाणणारे मठवासी उपासनामंदिरांत ठराविक वेळीं स्तोत्रें गात. आणि न शिकलेले सेवक-बंधु शेतांत, गोठ्यांत, स्वयंपाकघरांत राबत. त्यांना स्तोत्रांऐवजीं प्रभूची प्रार्थना ठराविक वेळां म्हणण्यास सांगितलेलें असे. एकाच मठांत एकांचें काम देवाकडे पाहण्याचें, आणि दुसऱ्यांचें काम पाहणाऱ्यांना जेवूं घालण्याचें, अशी ही वाटणी झाली. ज्या कार्मेल पंथांत आमचा स्वयंपाकी पुढें दाखल झाला, त्या पंथाच्या तेराव्या शतकांतल्या मूळ नियमांत रात्रंदिवस ईश्वरचिंतन आणि हातांचें काम हीं दोन्ही सर्वांना सारखींच सांगितलेलीं होतीं. त्या पंथाची सुधारणा करणारी स्पेन देशांतली साध्वी तेरेसा (१५१५–१५८२) हिनें आविला येथें १५६२ सालीं आपला पहिला मठ स्थापिला. कामांत दिवस जातो आणि ध्यानाला वेळ उरत नाहीं, अशी खंत करणाऱ्या आपल्या जोगिणींना तिनें बजावलें कीं, आज्ञेनें स्वयंपाकघरांत जावें लागलें, तर प्रभु तेथील भांड्यांतही भेटतो. हा उपदेश करणारी स्वतः मठाची अधिकारी होती. तो एका सेवक-बंधूनें आयुष्यभर आचरून पाहिला, तर त्याचें काय होतें, हें दिसावयास आणखी कांहीं काळ जावा लागला.

निकोला हेर्मान हा लोरेन प्रांतांत लूनेव्हिल शहराजवळच्या एका खेड्यांत १६१४ च्या सुमारास जन्मला. अठरा वर्षांचा असतांना, हिवाळ्यांत पानें झडून गेलेलें एक झाड त्याच्या दृष्टीस पडलें. थोड्या दिवसांनीं याच झाडाला पालवी फुटेल, फुलें येतील, फळें धरतील, हा विचार त्याच्या मनांत आला, आणि ईश्वराच्या सत्तेचा व दयेचा असा ठसा त्याच्या मनावर उमटला कीं, तो पुढें कधीं पुसला नाहीं. पण या दर्शनानें तो लगेच साधु झाला नाहीं. युरोपांत तीस वर्षांचें युद्ध (१६१८–१६४८) चालू होतें, आणि लोरेन प्रांत त्या वणव्यांत सांपडला होता. निकोला शिपाई झाला. जर्मन सैन्यानें त्याला हेर समजून पकडलें, आणि फांशी देण्याची धमकी दिली. तो डगमगला नाहीं, म्हणून सुटला. पुढें रांबेर्व्हिलेर येथें तो जखमी झाला, आणि शिपाईगिरी संपली. कांहीं दिवस त्यानें एका एकांतवासी गृहस्थाबरोबर काढले. मग पारीस शहरांत फ्यूबे नांवाच्या खजिन्याच्या अधिकाऱ्याच्या घरीं तो हुजऱ्या म्हणून राहिला. आपण त्या घरीं मोठे धांदरट होतों आणि हातीं येईल तें फोडीत होतों, असें तो पुढें स्वतः सांगे.

१६४० सालीं, म्हणजे सव्विसाव्या वर्षाच्या सुमारास, तो पारीसच्या व्होजिरार रस्त्यावरील अनवाणी कार्मेली मठांत सेवक-बंधु म्हणून दाखल झाला, आणि १६४२ सालीं त्यानें शपथा घेतल्या. ‘पुनरुत्थानाचा लॉराँ’ हें त्याचें मठांतलें नांव. इंग्रजीवरून आपल्याकडे तोच ब्रदर लॉरेन्स झाला. मठांत जातांना त्याच्या मनांत काय होतें, तें ऐकण्यासारखें आहे. आपल्या धांदरटपणाबद्दल तेथें आपली चामडी लोळविली जाईल, आणि अशा रीतीनें आपलें आयुष्य व त्यांतलीं सुखें देवाला अर्पण होतील, अशी त्याची अपेक्षा होती. देवानें आपल्याला फसविलें, कारण येथें समाधानावांचून दुसरें कांहीं मिळालें नाहीं, असें तो उतारवयांत हंसत म्हणे.

त्याला मठाच्या स्वयंपाकघरांत नेमण्यांत आलें. वाचकांनीं येथें एक गोष्ट नीट लक्षांत घ्यावी. आजच्या भाविक कल्पनेंत हा मनुष्य स्वभावतःच चुलीशीं रमणारा, आनंदी, गुबगुबीत असा स्वयंपाकी झाला आहे. खरी गोष्ट उलट होती. स्वयंपाकाच्या कामाचा त्याला उपजत तिटकारा होता, असें त्यानेंच सांगून ठेविलें आहे. तें काम त्यानें पंधरा वर्षें केलें. मठासाठीं दारूचे पिंप विकत आणण्यास त्याला बर्गंडी प्रांतांत पाठवीत. व्यवहाराची त्याला अक्कल नव्हती, आणि पाय अधू असल्यामुळें नावेंत पिंपांवरून लोळत लोळत त्याला इकडून तिकडे जावें लागे. हें काम देवा तुझेंच आहे, असें त्याला सांगून तो कामाला लागे. आणि काम झाल्यावर तें आपल्या अपेक्षेहून बरें झालें असें त्याला आढळे. पायाचें दुखणें वाढल्यावर त्याला वहाणा शिवण्याच्या कामावर बसविलें. १२ फेब्रुवारी १६९१ रोजीं, सत्तर वर्षें उलटून गेल्यावर, तो त्याच मठांत वारला. चरित्र म्हणून सांगण्यासारखें इतकेंच.

त्याची साधना काय होती? ती एका वाक्यांत सांगतां येते, आणि हीच तिची अडचण आहे. ईश्वर येथें आहे हें जाणून त्याच्याकडे मनाचें तोंड वारंवार वळवावें, त्याच्याशीं साध्या शब्दांत बोलावें, एवढीच ती साधना. काम सुरू करण्यापूर्वीं तो देवाजवळ मदत मागे. काम चालू असतां अधूनमधून त्याच्याकडे वळे. काम संपलें म्हणजे आपण कसें वागलों हें तपाशी. नीट झालें असल्यास आभार मानी. चुकलें असल्यास क्षमा मागे, आणि मनाला फार टोंचणी न लावतां पुन्हां कामाला लागे. मन भरकटलें, तर त्याच्यावर चिडण्यांत वेळ घालवावयाचा नाहीं. हळूच परत आणावयाचें. कामाची मोठेपणानें मोजदाद त्यानें कधीं केली नाहीं. जमिनीवर पडलेली काडी उचलावयाची, तरी देवाच्या प्रीतीसाठीं उचलावी. तव्यावरचें धिरडें उलथावयाचें, तरी त्याच प्रीतीनें उलथावें, असें तो म्हणे. स्वयंपाकघरांत चार माणसें चार बाजूंनीं चार वस्तु मागत असतांही गुडघे टेकून प्रार्थना करितांना जी शांति मिळते, तीच आपणांस लाभते, असें त्यानें सांगितलेलें प्रसिद्ध आहे.

हें प्रसिद्ध वाक्य लोकांच्या तोंडीं राहिलें. त्याच्यामागचीं वर्षें मात्र विसरलीं गेलीं. ही शांति त्याला मठाच्या दारांतून आंत येतांच मिळाली नव्हती. आपण निश्चित नरकांत जाणार, या समजुतीनें सुमारें चार वर्षें त्याचें मन पोळत होतें, आणि जगांतला कोणताही मनुष्य तें मत बदलूं शकला नसता. पहिलीं दहा वर्षें आपण पुष्कळ सोसलें, असें त्यानें एका पत्रांत लिहिलें आहे. शेवटीं त्यानें असा विचार केला कीं, आपण येथें आलों तें देवाच्या प्रीतीसाठीं. तेव्हां पुढें तरलों किंवा बुडालों, तरी मरेपर्यंत त्याच्या प्रीतीसाठींच वागत राहावें. या निश्चयानंतर त्याचा जीव हलका झाला. म्हणजे लोक ज्याला सोपा मार्ग म्हणतात, तो दहा वर्षांच्या खडतर वाटेनंतर आलेला सपाट माळ आहे. आणखी एक गोष्ट अशी कीं, मठांतल्या नेमलेल्या प्रार्थनेच्या वेळा त्यानें कधीं टाळल्या नाहींत. त्या वेळेंत आणि कामाच्या वेळेंत आपल्याला भेद वाटत नाहीं, एवढेंच त्याचें म्हणणें होतें. स्वयंपाक हीच माझी प्रार्थना, असें म्हणून उपासनामंदिराचा जिना चुकविणाऱ्याला त्याच्या चरित्रांत आधार सांपडणार नाहीं.

आतां या मनुष्याचें पुस्तक कसें झालें तें पाहूं. त्यानें पुस्तक लिहिलें नाहीं. जोसेफ द ब्यूफोर नांवाचा एक विद्वान धर्मगुरु त्याला भेटावयास येत असे. पहिली भेट ३ ऑगस्ट १६६६ रोजीं झाली, त्याच वर्षीं आणखी दोन, आणि चौथी २५ नोव्हेंबर १६६७ रोजीं. या चार भेटींत झालेलें बोलणें ब्यूफोरनें टिपून ठेविलें. चर्चच्या शासनांत अधिकारपदावर चढलेला मनुष्य निवृत्त स्वयंपाक्याच्या पायांशीं शिकावयास बसतो, हें दृश्य त्या काळच्या फ्रान्सच्या समाजव्यवस्थेंत सामान्य नव्हतें. याशिवाय लॉरेन्सनें लिहिलेलीं सोळा पत्रें मिळालीं. त्यांपैकीं एकांत, हें कोणाला दाखवावयाचें नाहीं, या अटीवरच आपण लिहीत आहों, असें त्यानें बजावलें आहे. दुसऱ्या एका पत्रांत त्याला एका शिपायाविषयीं सल्ला द्यावयाचा होता. हातांत तलवार घेऊन कूच करितांनाही देवाची क्षणभर आठवण करितां येते, आणि तेवढी देवाला पुरते, असें जुन्या शिपायानें लिहिलें. त्याच्या मृत्यूनंतर १६९२ सालीं ब्यूफोरनें त्याचीं वचनें व पत्रें प्रसिद्ध केलीं, आणि १६९४ सालीं त्याचें वर्तन व संवाद यांचें दुसरें पुस्तक काढलें.

पुस्तकाची वेळ फार वाईट होती. मिगेल द मोलिनोस या स्पॅनिश धर्मगुरूनें १६७५ सालीं आत्म्याच्या मार्गदर्शनाचा एक ग्रंथ रोम येथें प्रसिद्ध केला होता. आत्म्यानें स्वतः कांहीं न करितां ईश्वरापुढें निश्चळ पडून राहावें, मोहाशींही झगडूं नये, अशी शिकवण त्याच्यावर लादण्यांत आली. १६८७ सालीं पोपनें त्याचीं अडुसष्ट विधानें निषिद्ध ठरविलीं, आणि तो तुरुंगांतच १६९६ सालीं वारला. या मताला ‘निश्चळवाद’ म्हणतां येईल. फ्रान्समध्यें मादाम ग्वीयों या विधवा बाईनें ध्यानाची एक सोपी रीत सांगणारें पुस्तक लिहिलें. तिच्यावरही तोच आरोप आला, आणि तिला बास्तील तुरुंगांत वर्षें काढावीं लागलीं. तिचा पक्ष घेणारा फेनेलोन हा राजाच्या नातवाचा गुरु व कांब्रे येथील आर्चबिशप होता; तिच्या विरुद्ध बोस्युए हा फ्रान्समधला सर्वांत प्रभावी धर्मवक्ता उभा होता. दोघांत ग्रंथांचा वर्षाव झाला. १६९७ सालीं राजानें फेनेलोनला दरबारांतून आपल्या प्रांतांत धाडून दिलें, आणि १२ मार्च १६९९ रोजीं पोप बारावा इनोसंट यानें त्याच्या ग्रंथांतलीं तेवीस विधानें निषिद्ध ठरविलीं. फेनेलोननें निकाल निमूटपणें मानला.

या मोठ्या लोकांच्या झगड्यांत आमचा स्वयंपाकी कसा आला? फेनेलोन त्याला जिवंतपणीं भेटला होता. तो फार आजारी असतां अत्यंत आनंदी होता, आणि मरणाविषयीं त्याच्याशीं बोलणें झालें, असें त्यानें १७०० सालच्या एका पत्रांत नमूद केलें आहे. वादांत आपल्या बाजूचा साक्षीदार म्हणून फेनेलोननें त्याचा उल्लेख केला. स्वर्गाची आशा किंवा नरकाची भीति यांच्या पलीकडची निर्हेतुक प्रीति, ठराविक ध्यानपद्धतींविषयीं अनास्था, मनाची गाढ शांति, हीं सर्व त्या स्वयंपाक्याच्या बोलण्यांत होतींच. दुर्दैव असें कीं, ब्यूफोर ज्याच्या हाताखालीं काम करी, तो आर्चबिशप नोआय विरुद्ध पक्षांत होता. एकाच माणसाचें नांव एका बाजूच्या वकिलाच्या तोंडीं, आणि त्याचीं कागदपत्रें दुसऱ्या बाजूच्या घरीं, अशी स्थिति झाली. फेनेलोन हरल्यावर जें व्हावयाचें तें झालें. लॉरेन्सला कोणी दोषी ठरविलें नाहीं. पण संशयिताच्या शेजारीं बसलेल्या माणसाचें जें होतें, तें त्याचें झालें. स्वदेशांत व स्वपंथांत त्याचें पुस्तक फार काळ मागें पडलें.

तें वांचविलें परक्यांनीं. पियेर प्वारे हा फ्रेंच प्रॉटेस्टंट धर्मोपदेशक हॉलंड देशांत राहत असे. गूढ भक्तीचे ग्रंथ, मग ते कोणत्याही चर्चचे असोत, छापण्याचा त्याला छंद होता. १६९९ सालीं, म्हणजे रोमच्या निकालाच्याच वर्षीं, या वादाशीं संबंध असलेल्या ग्रंथांचा जो संग्रह त्यानें काढला, त्यांत लॉरेन्सचें सर्व साहित्य होतें. इंग्लंडांत अठराव्या शतकांत भाषांतरें झालीं. मेथोडिस्ट चळवळीचा जनक जॉन वेस्ली यानें १७४९ ते १७५५ या काळांत आपल्या अनुयायांसाठीं पन्नास भागांची जी ग्रंथमाला छापली, तिच्यांत या कॅथोलिक सेवक-बंधूच्या संवादांना जागा दिली. ज्यांना मठ, शपथा व संन्यास मुळींच मान्य नव्हते, त्या लोकांनीं मठाच्या स्वयंपाक्याला आपल्या घरांत घेतलें. त्यांना त्याच्यांत मठ दिसला नाहीं. चूल दिसली, आणि ती प्रत्येकाच्या घरीं होती.

परंतु घर बदललें, तसा मनुष्यही थोडा बदलला. मठाच्या नेमलेल्या प्रार्थना, वडिलांची आज्ञा, दहा वर्षांचा अंधार, हें सारें हळूहळू मागें सरलें, आणि भांडीं घांसतांना मिळणारी शांति तेवढी पुढें आली. निश्चळवादाचा जो खोटा आरोप शत्रूंनीं त्याच्यावर येऊं घातला होता, तोच एका अर्थीं मित्रांनीं खरा केला. कारण परिश्रमाशिवाय लाभणारी शांति ती हीच. आमच्या मतें लॉरेन्सचा आणि निश्चळवाद्यांवर आरोपिलेल्या मताचा फरक तर्कानें दाखवावा लागत नाहीं. त्याच्या दिनक्रमांतच तो दिसतो. ल्यूशियसच्या दोरीप्रमाणें त्याच्या शांतीलाही रोजच्या कामाचा पीळ होता. निश्चळ पडून राहणाऱ्याच्या मठांत शंभर पानें वेळेवर वाढलीं जात नाहींत.

येथें एक रास्त आक्षेप घेण्यासारखा आहे. ब्रदर लॉरेन्सला मुलेंबाळें नव्हतीं, भाड्याची काळजी नव्हती, उद्यां नोकरी राहील कीं नाहीं ही विवंचना नव्हती. उद्यांचें काम त्याला मठाचा अधिकारी सांगे. त्याचा निर्णय त्याला करावा लागत नसे. तापानें फणफणलेलें मूल मांडीवर घेऊन बसलेल्या आईच्या लक्षाला जी ओढाताण सोसावी लागते, ती त्याला ठाऊक नव्हती. हें मान्य केलें पाहिजे, आणि म्हणूनच त्याची शांति हें प्रपंची माणसाचें माप धरूं नये. पण त्याची रीत माप म्हणून नव्हे, तर संवय म्हणून घेतां येते. कामापूर्वीं एक शब्द, कामांत एक दृष्टि, कामानंतर एक हिशेब, आणि चुकल्यावर त्रागा न करितां परत येणें, इतकें आईलाही अशक्य नाहीं. जिला प्रार्थना पुरी करितां येत नाहीं, तिला ती पुन्हां पुन्हां सुरू करितां येते, हें लॉरेन्सच्या पत्रांतलें खरें सार आहे.

आमच्या मराठी वाचकांस हें सर्व वाचतांना जनाबाईची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) हे तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलों असें सांगत. मराठी ख्रिस्ती कुटुंबांतली भक्ति त्यांच्यापासून अभंगाच्या वळणानेंच बोलत आली आहे. तेव्हां ही तुलना परकी नव्हे. मात्र साम्याबरोबर भेदही पाहावा. जनाबाईच्या नांवावरच्या अभंगांत विठोबा स्वतः येऊन तिच्याबरोबर दळूं लागतो. तिचें काम तो वांटून घेतो. पारीसच्या स्वयंपाकघरांत असें कांहीं घडत नाहीं. तेथें देव भांडें उचलीत नाहीं. उचलणारा आपलें भांडें आपणच उचलतो, फक्त उचलतांना कोणाकडे तरी पाहतो. एकीकडे सख्य आहे, दुसरीकडे सान्निध्य आहे. कोणतें श्रेष्ठ, हा प्रश्न निरर्थक. पण दळण आणि रांधण हीं दोन्ही कामें घरांतल्या सर्वांत खालच्या पायरीवरच्या माणसांकडे होतीं, आणि दोन्ही परंपरांना ईश्वर त्याच पायरीवर सांपडला, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

व्होजिरार रस्त्यावरच्या त्या मठाचें पुढें काय झालें तेंही सांगितलें पाहिजे. राज्यक्रांतीच्या काळांत त्याचा तुरुंग झाला, आणि २ सप्टेंबर १७९२ रोजीं तेथें कोंडलेल्या शंभरावर धर्मगुरूंची कत्तल झाली. पुढें १८७५ सालीं स्थापन झालेलें कॅथोलिक विद्यापीठ त्या जागीं आलें. जुनें उपासनामंदिर मात्र उभें आहे. लॉरेन्सच्या लेखांची चिकित्सक आवृत्ति त्याच्याच पंथांतल्या कॉनराड द मेस्तेर या अभ्यासकानें १९९१ सालीं, म्हणजे त्याच्या मृत्यूला बरोबर तीनशें वर्षें झालीं तेव्हां, फ्रेंच भाषेंत प्रसिद्ध केली. तीनशें वर्षांनीं स्वयंपाकी आपल्या घरीं परत आला, असें म्हणावयास हरकत नाहीं. तो हुजऱ्या असतांना हातीं येईल तें फोडीत असे. त्याला पंधरा वर्षें नेमकीं भांड्यांचींच राखण मिळाली. आवडीचें काम मिळाल्यावर देवाकडे लक्ष देऊं, असें जे म्हणत असतील, त्यांनीं ही एवढी गोष्ट मनाशीं ठेवावी, अशी विनंति करून आम्ही हा लेख पुरा करितों.